आयटीव्हीएक्स आणि लीसा रायली: आजचे सगळे, कालचे थोडेसे

ब्रिटनच्या आयटीव्ही कंपनीची आयटीव्हीएक्स ही ऑनलाइन सेवा आजचा भाग आजच आणि फुकट दाखवण्यात पटाईत आहे. पण एखाद्या कलाकाराची तीस वर्षांची वाटचाल तिच्यावर पाहायला बसावे, तर ती तुकड्यातुकड्यांनीच हाती लागते. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे, मात्र मोजपट्टी म्हणून मी एकच नाव धरले आहे, ते म्हणजे अभिनेत्री आणि सूत्रसंचालिका लीसा रायली. त्यांच्या कामाचा मोठा हिस्सा आयटीव्हीच्याच पडद्यावर झाला आहे. तेव्हा ही सेवा त्यांची कारकीर्द नीट दाखवू शकत नसेल, तर इतरांची काय दाखवणार, हा प्रश्न रास्त आहे.

आधी सेवेचे स्वरूप सांगतो. ८ डिसेंबर २०२२ रोजी जुन्या आयटीव्ही हबच्या जागी आयटीव्हीएक्स आली. नाव नोंदवताना ब्रिटनमधील पोस्टकोड द्यावा लागतो. फुकट पाहणाऱ्याला मधल्या जाहिराती सोसाव्या लागतात. महिना ५.९९ पौंड भरून प्रीमियम घेतले, तर साठवलेल्या कार्यक्रमांमधील जाहिराती जातात, पण थेट वाहिन्यांवरच्या जातच नाहीत, कारण त्या मूळ प्रक्षेपणाचाच भाग असतात. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचा टीव्ही पाहण्यासाठी लागणाऱ्या वार्षिक परवान्याबाबत नेहमी गोंधळ होतो, म्हणून तेही येथेच नोंदवतो: आयटीव्हीएक्सवर साठवलेले भाग पाहण्यास परवाना लागत नाही, थेट वाहिनी पाहण्यास, आणि बीबीसीच्या आयप्लेयर या ऑनलाइन सेवेवर काहीही पाहण्यास तो लागतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याचे वार्षिक शुल्क १७४.५० पौंड होते.

लीसा रायली यांचा जन्म १९७६ साली ग्रेटर मँचेस्टरमधील बेरी या गावचा. १९९५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्या ‘एमर्डेल’ या मालिकेत मँडी डिंगल म्हणून आल्या. ही मालिका १६ ऑक्टोबर १९७२ रोजी ‘एमर्डेल फार्म’ या नावाने सुरू झाली, तेव्हा ती उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या शेतकऱ्यांची संथ, दुपारच्या वेळची गोष्ट होती. १९८९ मध्ये नावातले शेत गेले. डिसेंबर १९९३ मध्ये गावावर विमान कोसळल्याचे कथानक दाखवले गेले आणि मालिकेचा नूरच पालटला. त्यापाठोपाठ आलेले डिंगल हे गरीब, भांडखोर, कायद्याशी फटकून वागणारे, पण आपल्या माणसासाठी जीव टाकणारे कुटुंब प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. मँडी त्याच घरातली. बिबट्याच्या कातडीसारख्या छापाचे तंग कपडे, भडक लिपस्टिक, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज आणि कोणाच्याही बापाला न भिणारी जीभ, हे तिचे बाह्य रूप. मालिकांमध्ये जाड मुलीला बहुधा हसण्यापुरते किंवा कीव करण्यापुरते आणतात. मँडी हसवत होती, पण ती प्रेमातही पडत होती, फसवतही होती आणि चुकतही होती.

गावचा पशुवैद्य पॅडी कर्क (अभिनेता डॉमिनिक ब्रंट) १९९७ मध्ये मालिकेत आला आणि १९९९ मध्ये त्याचे मँडीशी लग्न झाले. बुजरा, चष्मेवाला, शब्दासाठी अडखळणारा डॉक्टर आणि त्याचे वाक्य त्याच्याआधी पुरे करणारी मँडी, ही जोडी त्या काळच्या ‘एमर्डेल’चा प्राण होती. मँडीच्या बाहेरख्यालीपणाने तो संसार मोडला. २००१ मध्ये लीसा रायली मालिकेतून बाहेर पडल्या आणि मँडी परतली ती थेट २०१९ मध्ये. सेवेची खरी परीक्षा येथे होते. जवळजवळ अठरा वर्षांनी ती पॅडीच्या समोर उभी राहते, तेव्हा त्या नजरानजरेचे वजन नव्या संवादांत नसते, ते १९९९ मध्ये असते. ज्याने जुने भाग पाहिले आहेत त्याचा घसा दाटतो. ज्याने पाहिले नाहीत त्याला एक बडबडी बाई आणि एक ओशाळलेला पुरुष एवढेच दिसते. पुढे ते दोघे पुन्हा एकत्र येतात, त्या वळणाचीही गत तीच. दैनंदिन मालिकेचे भांडवल प्रेक्षकाची आठवण असते, आणि आयटीव्हीएक्सला ते भांडवल सांभाळण्याची फारशी निकड वाटत नाही. मालिकेचे दहा हजारांहून अधिक भाग झाले आहेत. ते पहिल्यापासून सलग येथे मिळत नाहीत, आणि नवे भागही मुदतीपुरतेच राहतात. आयटीव्ही३ या वाहिनीने २०१९ पासून १९८९ नंतरचे जुने भाग क्रमाने पुन्हा दाखवायला घेतले, हे चांगलेच झाले, पण त्यात पाहणाऱ्याला वाहिनीच्या वेळापत्रकामागे फरफटत जावे लागते. ‘मँडी आणि पॅडी, १९९७ ते २००१’ असा एखादा संच निवडून द्यायला संपादकांना कितीसे श्रम पडले असते?

नव्या भागांबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. जानेवारी २०२६ पासून ‘एमर्डेल’ सोमवार ते शुक्रवार रात्री ८ वाजता अर्ध्या तासासाठी लागते आणि तिच्या पाठोपाठ ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही आयटीव्हीची दुसरी मालिका. पण सेवेवर त्या दिवसाचा भाग सकाळी ७ वाजताच येतो. रात्रपाळी करून घरी येणाऱ्या परिचारिकेपासून मुलांना शाळेत सोडून आलेल्या पालकांपर्यंत अनेकांची यामुळे सोय होते. इंग्रजी उपशीर्षके चालू करून पाहावे, असा माझा आग्रह राहील. यॉर्कशायरची बोली भल्याभल्यांना दाद देत नाही आणि डिंगल मंडळी तर निम्मे शब्द गिळतात.

या नव्या काळातील लीसा रायली यांचे काम पूर्वीपेक्षा सरस आहे, असे माझे मत आहे. २०२० आणि २०२१ मधील पॉल ॲशडेलचे कथानक त्याचा पुरावा आहे. हा जुगारी माणूस मँडीशी गोड वागत राहतो आणि बंद दारामागे विनीला, म्हणजे ज्या तरुणाला तिने मुलासारखे वाढवले त्याला, मारहाण करतो. प्रेक्षकाला सारे ठाऊक आणि मँडी लग्नाच्या तयारीत दंग, अशी ती रचना होती. लग्नाच्याच दिवशी तिला सत्य कळते. बोलण्यावर जगणारी ही बाई क्षणभर गप्प होते, चेहऱ्यावरचा रंग तसाच राहतो आणि त्याखालचा चेहरा उतरतो; तो बदल लीसा रायली यांनी डोळे मोठे न करता, हुंदका न देता दाखवला. आपल्याकडच्या मालिकांत अशा वेळी कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर झेपावतो आणि ढोल वाजतात.

सूत्रसंचालिका म्हणून त्यांची ओळख ‘यू’व्ह बीन फ्रेम्ड’ या कार्यक्रमाने घडवली. लोकांनी घरी चित्रित केलेल्या फजित्या मागवायच्या, निवडलेल्या चित्रफितीला २५० पौंड द्यायचे आणि त्या हशा-टाळ्यांसह दाखवायच्या, असे त्याचे साधे सूत्र. १९९० पासून जेरेमी बीडल तो सादर करत होते. १९९८ मध्ये लीसा रायली यांनी तो हाती घेतला आणि २००२ पर्यंत सांभाळला. म्हणजे मँडीची भूमिका चालू असतानाच बाविशीतली ही मुलगी मोठ्या प्रेक्षकवर्गाच्या कौटुंबिक कार्यक्रमाची धुरा वाहत होती. बीडल यांचा सूर खोडकर काकाचा होता, तर रायली पडणाऱ्या माणसाबरोबर स्वतःही हसत. पुढे २००४ ते २०२२ या काळात विनोदवीर हॅरी हिल यांनी नुसत्या आवाजावर त्या कार्यक्रमाचे सोने केले, आणि पुनःप्रक्षेपणात ठाण मांडून बसली ती त्यांचीच आवृत्ती. रायली यांच्या वर्षांची आज कोणाला आठवणही करून दिली जात नाही. लूझ विमेन या दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमातही त्या काही वर्षे बसल्या. तेथे त्यांचा मोकळेपणा शोभतो, पण तो कार्यक्रम त्या त्या दिवसाच्या बातम्यांवर चालणारा, तेव्हा त्याचे जुने भाग नसल्याचे दुःख मला नाही.

‘फॅट फ्रेंड्स’ची गोष्ट वेगळी. लीड्सच्या लेखिका के मेलर यांनी वजन उतरवण्याच्या एका मंडळातील सभासदांवर लिहिलेली ही मालिका २००० ते २००५ मध्ये चार पर्वांत आली आणि तीत रायली यांनी रिबेका पॅटरसन साकारली. रूथ जोन्स आणि जेम्स कॉर्डन या कलाकारांची गाठ याच मालिकेत पडली आणि पुढे दोघांनी मिळून ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ ही विनोदी मालिका लिहिली, हे अनेकांना ठाऊक असते. पण मूळ मालिकेतल्या रायली यांचे नाव त्या आठवणीत क्वचितच निघते. मँडी पाहून त्यांना विनोदी नटी एवढ्यावर मोकळे करणाऱ्याने ही मालिका मिळेल तेथून पाहावी.

आयटीव्हीच्या कुंपणाबाहेरची कामे आयटीव्हीएक्सवर शोधू नयेत. २०१२ च्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ या नृत्यस्पर्धेत नर्तक रॉबिन विंडसर यांच्या साथीने त्या उपांत्य फेरीपर्यंत पोचल्या, तो बीबीसीचा कार्यक्रम. रॉचडेलमधील अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या सत्य प्रकरणावर आधारित ‘थ्री गर्ल्स’ ही २०१७ ची तीन भागांची मालिकाही बीबीसीचीच. तीत त्यांनी पीडित मुलींपैकी दोघींच्या आईची भूमिका केली. मँडीचा ठसका येथे औषधालाही नाही, आणि बेरीपासून जवळच असलेल्या गावाची ही कथा असल्याने बोलीचा सूर अचूक आहे. २०२५ च्या अखेरीस त्या ‘आय ॲम अ सेलिब्रिटी’ या, नामवंतांना जंगलात ठेवणाऱ्या कार्यक्रमासाठी ऑस्ट्रेलियातील जंगलात गेल्या, तो कार्यक्रम आयटीव्हीचा, तेथे त्यांना पटकथेशिवाय पाहता आले.

पैशांविषयी विचाराल, तर केवळ ‘एमर्डेल’साठी प्रीमियम घेऊ नये. अर्ध्या तासाच्या भागातील जाहिराती चहा ओतून घेण्यापुरत्या असतात, आणि प्रीमियम घेतले तरी १९९० च्या दशकातील मँडी सलग मिळणार नाही ती नाहीच. जुन्या ब्रिटिश नाट्यमालिकांची आवड असलेल्याने, विशेषतः पूर्वी ब्रिटबॉक्स या ब्रिटिश मालिकांच्या सेवेची वर्गणी भरणाऱ्याने, हिवाळ्याचे दोन-तीन महिने ते घ्यावे आणि मग बंद करावे, कारण महिन्यामहिन्याने सोडता येते. पुण्या-मुंबईहून सहा महिन्यांसाठी मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना ही सेवा फुकटात उत्तम सोबत करते; परतल्यावर मात्र ती ब्रिटनबाहेर चालत नाही, तेव्हा पॅडी आणि मँडीचे पुढे काय झाले हे त्यांना फोनवर सांगण्याची तयारी ठेवावी.