क्लिंटन १९९३ आणि ओबामा २००९ : आरोग्यसुधारणेची दोन भाषणे

अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनापुढे २२ सप्टेंबर १९९३ रोजी बिल क्लिंटन उभे राहिले, तेव्हा टेलिप्रॉम्प्टरवर भलतेच भाषण उमटत असूनही त्यांनी पहिली काही मिनिटे सहज निभावून नेली आणि पुढे प्रत्येक नागरिकाला द्यावयाचे आरोग्यकार्ड उंचावून दाखवले. वक्तृत्वाच्या निकषावर हेच भाषण सरस ठरते.

९ सप्टेंबर २००९ रोजीचे बराक ओबामा यांचे भाषण त्यामानाने हिशेबी होते : दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलर खर्च, आधीपासूनच्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारण्यास बंदी आणि सरकारी विमा पर्यायाबाबत, म्हणजे खासगी विम्याबरोबरच सरकारने चालवायच्या विमा योजनेबाबत, तडजोडीची तयारी. (एका विरोधी खासदाराने मध्येच ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडल्याने चर्चा मात्र त्याचीच अधिक झाली.)

खरा फरक भाषणांमागील कार्यपद्धतीत होता. क्लिंटन यांचा आराखडा हिलरी क्लिंटन यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने बंद दाराआड तयार केला आणि तेराशेहून अधिक पानांचे विधेयक काँग्रेसपुढे आयते ठेवले गेले; ते १९९४ मध्ये सभागृहातील मतदानापर्यंतही पोहोचले नाही. ओबामा यांनी मसुद्याचे काम बव्हंशी खासदारांवरच सोपवले. त्या वाटाघाटींत सरकारी विमा पर्याय हातचा गेला, तरी २३ मार्च २०१० रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली.