अंतर पक्कं, वेळ कच्चा: विमानतळांमधलं अंतर मोजणारी कॅल्क्युलेटर

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी मोफत कॅल्क्युलेटर ढिगाने सापडतात. दिसायला वेगवेगळी, आतून बहुतेक एकाच वळणाची. अंतराला दहापैकी नऊ गुण द्यावेत. वेळेला पाच, तेही हात सैल सोडून.

अंतराचं गणित सरळ आहे. अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या पाठीवरून जाणारा सर्वांत जवळचा वक्र मार्ग काढायचा. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरली तरी चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके हे अंतर सुमारे ५,५४० किमी येतं. तेच ३,४४० साधे मैल आणि २,९९० नॉटिकल मैल (जहाजं आणि विमानांसाठी वापरले जाणारे मैल). नुसतं ‘मैल’ लिहिणारं साधन असेल तर कोणते मैल, ते आधी पाहा.

घोळ होतो तो माहिती भरताना. शहराचं नाव टाकलं तर काही साधनं शहराचा मध्यबिंदू धरतात, त्यामुळे विमानतळाचा तीन अक्षरी कोडच टाकावा. सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. पहिल्याचा कोड एसजेसी, दुसऱ्याचा एसजेओ. अक्षांश स्वतः भरणार असाल तर ४०° ३८′ म्हणजे ४०.३८ नव्हे, ४०.६३, कारण एका अंशाची ६० मिनिटं होतात. एवढ्याशा चुकीने बिंदू जवळपास २८ किमी सरकतो. पश्चिम रेखांशाचं ऋण चिन्ह राहिलं, तर मग विचारायलाच नको.

आता वेळ. बरीच साधनं अंतराला ताशी ८०० किंवा ८५० किमीने भागतात आणि वर अर्धा तास टाकतात. लंडन-न्यूयॉर्कला ८०० ने भागून अर्धा तास मिळवला तर सुमारे ७ तास २५ मिनिटं येतात, जाताना तेवढीच आणि येतानाही तेवढीच. वेळापत्रकात मात्र जाताना साधारण ८ तास असतात आणि परतताना ७ च्या आसपास, कारण उंचावरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या वाऱ्यावर स्वार होऊन एक विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीकडची रांगही आली.

बंद हवाई हद्दीचा तर या साधनांना पत्ताच नसतो. हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर १३ तासांच्या घरात गेला. कॅल्क्युलेटर अजूनही रशियावरूनच रेघ ओढतं. थांबा असेल तर दोन्ही टप्पे वेगळे मोजून मध्ये थांब्याचा वेळ मिळवा. थेट अंतर तिथे कुचकामी.

खरा वेळ तिकिटावरून काढावा. सुटण्याची आणि पोचण्याची स्थानिक वेळ घ्या आणि दोन्ही आधी युटीसीत, म्हणजे जगभरासाठी एकच असलेल्या प्रमाण वेळेत, आणा. लंडनहून ११:०० ला सुटून न्यूयॉर्कला १४:०० ला पोचणारं विमान ५ तासांचा फरक धरला तर ८ तास घेतं. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं ब्रिटनच्या आधी पुढे सरकतात, तेव्हा दोनतीन आठवडे हा फरक ४ तासांचाच असतो. फरक हाताने मिळवायला लावणारं साधन इथे हमखास तासाभराने चुकवतं. तारीख विचारून फरक स्वतः ठरवणारं साधन मिळालं तर तेच वापरा.