आठ महिने बॅण्ड, कार्डं आणि बारावी

मुलगी बारावी सायन्सला. पेडण्याहून म्हापशाला रोज बसने हायर सेकंडरीत जाते. रात्री दीडपर्यंत मोबाइल, सकाळी बसमध्ये डुलक्या. म्हणून जूनमध्ये तीन गोष्टी एकदम सुरू केल्या: मनगटावरचा फिटनेस बॅण्ड, मोबाइलमधला झोपेचा मोड आणि आंकी, म्हणजे कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप.

बॅण्डकडून फार आशा ठेवू नका. हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून तो अंदाज बांधतो, त्यामुळे निवांत बसलेलं माणूसही त्याला झोपलेलं वाटतं. जत्रेत पोरगी रात्रभर दशावतार बघत बसली, आणि सकाळी बॅण्ड म्हणतो तीन तास झोप! पावसाळ्यात घामाने पट्ट्याखाली पुरळही उठलं. एक मात्र झालं. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप हवी हे मी शंभरदा सांगून थकले होते. आठवड्याची सरासरी ५ तास ४० मिनिटं तिला स्वतःला दिसली, तेव्हा तिनेच अकराची वेळ ठरवली. झोपेच्या मोडमुळे अकराला मोबाइलची स्क्रीन करडी होते, रील्सची मजा जाते. तो मोड बंद करायला दोन सेकंद लागतात हे पहिल्याच रात्री कळलं म्हणा. मग सगळ्यांचे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. माझासुद्धा.

खरी कमाई आंकीची. अँड्रॉइडवर फुकट आहे. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवलं तर ते कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी येतं. विसरलं तर लगेच पुन्हा. आपण किती वेगाने विसरतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मोजून दाखवलं होतं, त्याचाच हा उपयोग. आमची चूक अशी, की अ‍ॅपने आधीच ठरवलेली रोजची नवी २० कार्डांची संख्या तशीच ठेवली. चवथीला पाच दिवस अ‍ॅप उघडलंच नाही, शेकडो कार्डं तुंबली, आणि पुढचे पंधरा दिवस तिने त्याचं नाव काढलं नाही. आता नवी आठच, तीही जाताना बसमध्ये. कार्डं तिची तीच लिहिते. नेटवरून उतरवून घेतलेले तयार गठ्ठे डोक्यात राहिले नाहीत.

बायोलॉजीत फरक स्पष्ट दिसला, केमिस्ट्रीत थोडा. फिजिक्स आहे तिथेच. गणितं कार्डांवर सुटत नाहीत, त्याला वही-पेनच लागतं.

बॅण्ड सध्या नवऱ्याच्या मनगटावर आहे. दुपारी पेज जेवून किती वेळ घोरले, ते आता संध्याकाळी अभिमानाने दाखवतात.