डायनोसॉरवेड्या पोराला न्यायचं कुठे: हैदराबाद की रैयोली?

प्लास्टिकचे टी-रेक्स घरभर झाले की एक दिवस प्रश्न येतोच, "खरा कुठे बघायला मिळतो?" महाराष्ट्रातून सुट्टीत जाऊन येता येईल अशा दोन जागा मला मोलाच्या वाटतात. एक हैदराबादचं बिर्ला विज्ञान संग्रहालय, दुसरी गुजरातेत बालासिनोरजवळचं रैयोली.

हैदराबादला कोटासॉरसचा सांगाडा उभा आहे, सुमारे ९ मीटर लांब. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीला एकाच ठिकाणी डझनभर प्राण्यांची हाडं मिळाली. त्यावरून १९८८ मध्ये या शाकाहारी प्राण्याला नाव दिलं गेलं. कवटी मात्र मिळाली नव्हती. "मग हे डोकं कुठून आलं?" असं पोराला नक्की विचारा, अर्धं जीवाश्मशास्त्र तिथेच समजतं. शिवाय शेजारी तारांगण आहे, त्यामुळे डायनोसॉरशी देणंघेणं नसलेलं भावंडही कुरकुरत नाही.

रैयोलीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अंडी आणि हाडं सापडली. त्यातूनच पुढे राजासॉरस हा मांसाहारी ओळखला गेला. त्याचं नामकरण २००३ चं. २०१९ मध्ये संग्रहालय झालं आणि त्यात प्रतिकृती आहेत, पण खरी मजा बाहेरच्या खडकात आहे. तिथे हाडं आणि अंडी खडकातच रुतलेली दिसतात. गावातल्या एक आजी ज्या गोल दगडाने मसाला वाटायच्या, ते अंडं निघालं! ते ओळखलं बालासिनोरच्या राजघराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी. अडचण एवढीच की खडकातलं हाड पहिल्यांदा खडकासारखंच दिसतं. लहान मूल दहा मिनिटांत म्हणणार, "हे तर दगडच आहेत." दाखवणारा माणूस बरोबर हवाच. उन्हाळ्यात तर जाऊच नका.

म्हणून माझं मत: पहिली-दुसरीपर्यंत हैदराबाद. त्या वयात सांगाड्याच्या पायाशी उभं राहून मान वर करण्याला तोड नाही. चौथी-पाचवीपासून पुढे रैयोली, आणि एकदाच जाणं जमणार असेल तर तेवढी वर्षं थांबा. दात-नखांचंच वेड असेल तर हैदराबादला थोडा हिरमोड होईल. आणि कोटासॉरस-राजासॉरसची झुंज लावू नका, मध्ये दहा कोटींहून जास्त वर्षांचं अंतर आहे.

"आपल्या सह्याद्रीत का नाही सापडत?" हा प्रश्नही येईल. सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा. रैयोलीचे थर त्या लाव्ह्याच्या आधीचे. तसेच थर विदर्भात उघडे पडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळाले आणि त्यांत चक्क गवताचे अंश निघाले. ही एक गोष्ट पोरं शाळाभर सांगत सुटतात.

रैयोलीहून निघताना मात्र खिसे तपासा. तिथला एकही खडा घरी यायला नको.