मैत्रिणीचं कार्ड आवडलं. आता त्यातलं काय उचलायचं?

हाताने कार्डं करणाऱ्या प्रत्येकीच्या फोनमध्ये दुसऱ्यांच्या कार्डांच्या फोटोंचा एक फोल्डर असतोच. त्यात लपवण्यासारखं काही नाही. रांगोळ्या, रुखवतातल्या वस्तू, विणकामाचे नमुने, सगळं एकमेकींचं बघूनच पुढे आलं आहे. खरी पंचाईत होते ती दिवाळी तीन आठवड्यांवर आली की. पंचवीस-तीस कार्डं करायची आहेत, मनात भरलेलं एक कार्ड समोर आहे, पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं ते ठरत नाही. अख्खं कार्ड, त्याची मांडणी, त्याचे रंग, की नुसती करायची रीत? या चार वाटांना लागणारं सामान वेगळं, वेळ वेगळा आणि हाती येणारं कार्डही वेगळं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना समोर ठेवू. उभं कार्ड, मोतिया कागद. वर उजवीकडे डायने (मशीनमध्ये दाबून आकार कापणाऱ्या साच्याने) कापलेला आकाशकंदील, फोम टेपवर जरा उचललेला. त्याखाली झिरमिळ्यांच्या तीन पट्ट्या, तिन्हींची लांबी वेगळी. डावी बाजू पूर्ण मोकळी. तळाशी आडवी पट्टी आणि तिच्यावर सोनेरी एम्बॉसिंगमध्ये, म्हणजे उठावाच्या अक्षरांत, ‘शुभ दीपावली’. रंग मोरपंखी, शेंदरी आणि सोनेरी.

जसंच्या तसं

नवशिकीने पहिली दोन-चार कार्डं अशीच करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. समोर तयार उत्तर असलं की सगळं लक्ष हाताकडे देता येतं. कटर सरळ चालतो का, घडी नीट बसते का, फोम टेपचे तुकडे कडेने डोकावतात का, हे नक्कल करतानाच कळतं.

अडचण सामानाची. तोच कंदील हवा तर तीच डाय हवी, डाय म्हटली की मशीन आलं, आणि एका कंदिलासाठी कुणी मशीन घेऊ नये. शिवाय नमुना परदेशी असेल तर मापांचा घोळ ठरलेला. अमेरिकेतलं नेहमीचं कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंचांचं, म्हणजे साधारण 108 बाय 140 मिलिमीटर, कारण ते त्यांच्या लेटर कागदातून निघतं. आपण ए4 अर्धा कापून दुमडतो, त्यातून निघतं ए6, म्हणजे 105 बाय 148. आपलं कार्ड तीन मिलिमीटरने अरुंद आणि आठने उंच. त्यांच्या कार्डावर चार बाय सव्वापाच इंचांचा वरचा कागद लावला की चहूबाजूंनी सव्वातीन मिलिमीटरची सारखी चौकट सुटते. तोच कागद आपल्या ए6वर लावला की डाव्या-उजव्या बाजूला पावणेदोन मिलिमीटर उरतात आणि वर-खाली सात. कार्ड ‘काहीतरी चुकलंय’ असं दिसतं आणि काय चुकलंय ते कळत नाही. आपल्यासाठी 99 बाय 142 कापा, सगळीकडे तीन मिलिमीटर सुटतील.

एखादंच कार्ड करायचं असेल, तेही शिकण्यासाठी, तर ही वाट उत्तम. तीस कार्डांसाठी मात्र सगळ्यात वाईट. आठव्या कार्डापर्यंत कंटाळा येतो, आणि ज्या वहिनींना ते पाठवायचं त्यांनी मूळ कार्ड पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच असते.

मांडणी

मी विचारणाऱ्या बहुतेकींना हीच वाट सुचवते, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

फोटोची प्रिंट काढा, नाहीतर फोनची स्क्रीन मोठी करून समोर ठेवा, आणि बटर पेपरवर फक्त आकार उतरवा. कंदील काढायचा नाही, कंदिलाच्या जागी एक चौकोन काढायचा. झिरमिळ्यांच्या जागी तीन उभ्या रेघा, तळाशी एक आडवा पट्टा, आणि डावीकडे काहीच नाही. आता मूळ फोटो बंद करा. हे महत्त्वाचं आहे. तो उघडा राहिला की हात पुन्हा कंदिलाकडेच वळतो.

उरलेल्या त्या चौकोन-रेघांत काय काय बसतं ते बघा. चौकोनाच्या जागी पतंग ठेवला, मधली रेघ शेपटी केली आणि बाकीच्या दोन गाळल्या, की संक्रांतीचं तिळगुळाचं कार्ड. पाळणा ठेवला, रेघांना दोऱ्या करून वर नेलं, की बारशाचं आमंत्रण. खणाचा तुकडा ठेवला आणि रेघांच्या जागी सोनेरी लेस लावली, की मावशीच्या साठीचं. कागद आरशासारखा उलटा केला की वजन डावीकडे येतं; आडवा फिरवला की रेघांच्या पायऱ्या होतात. एका नमुन्यातून वर्षभराची कार्डं निघतात आणि मूळ कार्ड कुणाचं होतं ते कुणालाही ओळखू येत नाही.

सामानही घरचंच लागतं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड, चमकदार कागद पट्ट्यांना छान होतो. आकार कापायला डाय नसेल तर जुन्या एक्स-रे फिल्मचं स्टेन्सिल करा. ते धुता येतं, वाकतं पण मोडत नाही. तीस कार्डं करायची तर सगळ्या पट्ट्या एका बैठकीत कापाव्यात, सगळ्या घड्या दुसऱ्या बैठकीत, आणि चिकटवायला शेवटी बसावं. मांडणी एकच ठेवून दर पाच कार्डांनी कागद बदलला तर कंटाळाही येत नाही.

फसतं ते मोकळ्या जागेपाशी. डावी बाजू रिकामी दिसली की आपला जीव राहत नाही. आधी एक टिकली, मग तिच्या सोबतीला दुसरी, मग कोपऱ्यात पंचने काढलेलं फूल. त्या नमुन्याची अर्धी शोभा त्या रिकाम्या जागेतच होती. मांडणी घ्यायची तर मोकळी जागाही घ्यावी लागते.

मांडणीबरोबर घडीही बघा. ए4मधून ए6 कार्ड दोन प्रकारे निघतं. आडवा मधोमध कापून दोन ए5 केले आणि ते दुमडले, की पुस्तकासारखं डावीकडून उघडणारं कार्ड होतं. उभ्या दोन लांब पट्ट्या कापून दुमडल्या, की वरून उघडणारं. बाजारातल्या ए4 कार्डशीटचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बरेचदा लांबीच्या बाजूने असतो. पहिल्या प्रकारात घडी ग्रेनच्या बाजूने पडते आणि गुळगुळीत बसते, दुसऱ्यात ग्रेनला आडवी जाते आणि 300 जीएसएमच्या (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाड) गडद कागदाला घडीवर पांढऱ्या भेगा दिसतात. शंका असेल तर कागद दोन्ही दिशांनी हलकाच वाकवून बघा, ज्या दिशेची घडी सहज पडते, त्याच दिशेला ग्रेन. घडीआधी मेटल पट्टी धरून रिफिल संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायला विसरू नका.

रंग

कमीत कमी खर्चाची वाट. नमुन्यातले मोरपंखी, शेंदरी आणि सोनेरी घ्या, बाकी सगळं सोडून द्या. साडीचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं: अंगाचा रंग भरपूर, काठाचा बेताचा, जर अगदी थोडी. तिन्ही रंग सारख्या प्रमाणात वापरले की कार्ड भडक होतं.

एक सावधगिरी. फोनवर दिसणारा मोरपंखी आणि दुकानातला मोरपंखी यांची भेट क्वचितच होते. पुण्यात बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर जाताना फोटो नेऊ नका, घरातला त्या रंगाचा ब्लाउजपीसचा तुकडा न्या. आणि तिन्ही रंगांचे कागद एकाच दुकानात, एकमेकांवर ठेवून घ्या.

ज्यांच्याकडे स्वतःच्या कल्पना भरपूर आहेत पण रंग निवडताना हात अडतो, त्यांनी हीच वाट धरावी. ज्यांची अडचण ‘काय कुठे ठेवू’ ही आहे, त्यांना नुसत्या रंगांचा काही उपयोग होणार नाही.

तंत्र

नमुन्यात सगळ्यात जास्त भुरळ घालतं ते सोनेरी उठावाचं अक्षर. ते करायची रीत कुणाच्या मालकीची नाही. हळू वाळणाऱ्या शाईने स्टॅम्प मारायचा, वर एम्बॉसिंग पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत घ्यायची आणि हीट गनने (खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) वितळवायची. पावडर वितळताना कणाकणाचा रवाळपणा जातो आणि अक्षरावरून चकाकी सरकत जाते, ते पाहायला मजा येते. हेअर ड्रायरने हे होत नाही. त्याची ऊब कमी आणि वारा जास्त, पावडर वितळायच्या आधीच उडून जाते. हीट गन नसेल तर तापलेल्या तव्यापासून वीतभर वर कार्ड चिमट्यात धरून खालून ऊब द्या, पण कागद करपायला क्षणही लागत नाही.

आपल्याकडे यातला मोठा शत्रू म्हणजे पावसाळी हवा. कागद दमट असला की पावडर नको तिथेही चिकटून राहते आणि अक्षराभोवती सोनेरी धूळ पसरलेली दिसते. सुती फडक्यात टाल्कम पावडरची पुरचुंडी बांधून स्टॅम्प मारायच्या आधी ती कागदावरून फिरवली की बराच फरक पडतो. हातकागदावर (पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत 1940 सालापासून हे काम चालतं) पृष्ठभाग खडबडीत असल्याने बारीक अक्षरं तुटक उठतात. तिथे जाड अक्षराचा स्टॅम्प घ्या.

तंत्र घेण्याचा फायदा असा की ते कायमचं आपलं होतं. तोटा असा की दिवाळीच्या तोंडावर शिकायला वेळ नसतो. क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी), पॉप-अप (उघडताच चित्र उभं राहणारं कार्ड), शेकर कार्ड (आत टिकल्या हलणारं), सगळ्यांना हे लागू आहे. नवं तंत्र श्रावणात शिकावं आणि दिवाळीत वापरावं.

खिसा, वेळ आणि पोस्ट

खर्चाने लावायचं तर सगळ्यात स्वस्त रंग, मग मांडणी, मग तंत्र, आणि सगळ्यात महाग हुबेहूब नक्कल, कारण तिच्यात निवड तुमची नसते, सामान तिने सांगितलेलं आणावं लागतं. वेळेने लावायचं तर मांडणी पहिली येते. एकदा आराखडा ठरला की विचार करावा लागत नाही.

पोस्टाने पाठवणार असाल तर आणखी एक हिशेब आहे. 300 जीएसएमचा दुमडलेला ए6 म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर. वरचा कागद तीन-चार ग्रॅम, पाकीट साधारण तेवढंच. सोळा-सतरा ग्रॅम इथेच झाले. फोम टेपचे थर, मणी, आरसे चढले की वजन आणि तिकीट दोन्ही वाढतात. शिवाय उचललेला कंदील शिक्क्याखाली दबतो तो वेगळाच. लांब जाणाऱ्या कार्डांना मांडणी किंवा रंग घ्या, उठाव कमी ठेवा. क्विलिंगची कार्डं हातात द्यायची.

विकायची असतील तर

इथे पारडं एकदम फिरतं. घरच्यांसाठी नक्कल केली तर कुणाचं काही बिघडत नाही. प्रदर्शनात टेबल लावायचं असेल तर हुबेहूब नक्कल यादीतून काढूनच टाका.

आपला कॉपीराइट कायदा 1957चा. 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पनेवर, विषयावर हक्क सांगता येत नाही. ती ज्या रूपात व्यक्त केली त्यावर सांगता येतो. कार्डाच्या भाषेत बोलायचं तर ‘वर कंदील, खाली झिरमिळ्या’ ही कल्पना सगळ्यांची, पण मैत्रिणीने स्वतः काढलेलं कंदिलाचं चित्र तिचं. ते ट्रेस करून छापलं आणि विकलं तर ती हरकत घेऊ शकते. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हा हक्क राहतो, तेव्हा ‘जुनं चित्र आहे, चालतं’ हेही नेहमी खरं नसतं.

विकत घेतलेल्या स्टॅम्पचंही बघावं लागतं. बऱ्याच परदेशी स्टॅम्प कंपन्यांची ‘एंजल पॉलिसी’ असते: त्यांचा स्टॅम्प हाताने मारून केलेली कार्डं विकायला परवानगी, पण तेच स्कॅन करून छापायला मनाई. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या, वाचून घ्या. मशीनवर कापायच्या फुकट फायलींवर बरेचदा ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं राहून जातं. वारलीचं तर वेगळंच. तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि पांढऱ्या रंगाने चार त्रिकोणी माणसं काढून कार्डावर ‘अस्सल वारली’ लिहिणं मला तरी पटत नाही. ‘वारलीवरून सुचलेलं’ म्हटलं की प्रश्न मिटतो.

श्रेय कुठे द्यायचं, यावर दुमत असतं. मी भेट देताना कार्डावर कुणाचं नाव घालत नाही. काकूंना कार्ड हवं असतं, वंशावळ नको. फोटो कुठे टाकताना मात्र जरूर घालते. विचारून टाकणं तर सगळ्यात सोपं. “अगं, तुझं ते कंदिलाचं कार्ड प्रदर्शनासाठी करू का?” असं विचारलं की नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, “कर की, फक्त कंदील तुझा काढ.” म्हणजे ती तुम्हाला मांडणीच देत असते.

तेव्हा हातात तीन आठवडे आणि तीस कार्डं असतील तर मांडणी मैत्रिणीची घ्या, रंग घरातल्या साडीचे, आणि अक्षरं येत असलेल्या तंत्राने. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं एकच कार्ड करायचं असेल तर वेळ काढून नवं तंत्र शिका, तिथे ते शोभेल. आणि अजून कटर सरळ धरता येत नसेल तर आवडलेलं कार्ड खुशाल जसंच्या तसं करा, फक्त वरचा कागद 99 बाय 142 कापा.