एनव्ही केंद्र वाचायचं कसं: थेट उजेडावरून की विद्युतभारावरून?

एनव्ही केंद्र म्हणजे हिऱ्यात कार्बनच्या जागी बसलेला नायट्रोजन अणू आणि त्याशेजारची रिकामी जागा. त्याचा स्पिन (इलेक्ट्रॉनांचा चुंबकासारखा गुणधर्म) वाचायची रुळलेली रीत सोपी: हिरवा लेझर मारा, लाल फोटॉन मोजा. पण स्पिनच्या दोन स्थितींच्या उजेडातला फरक जेमतेम 30 टक्के, आणि तोही काहीशे नॅनोसेकंदांत विरतो. एका वाचनात सरासरी एक फोटॉनही हाती लागत नाही. मग तेच माप हजारो वेळा घ्या!

दुसरी रीत स्पिनची माहिती आधी विद्युतभारात उतरवते. स्पिनच्या एका स्थितीतल्या केंद्राचा इलेक्ट्रॉन लेझरच्या तीव्र स्पंदाने उडवायचा, म्हणजे ऋणभारित केंद्र उदासीन होतं. मग मंद नारिंगी प्रकाशात ऋणभारित केंद्र चमकतं, उदासीन जवळपास काळंच राहतं. भार टिकतो, त्यामुळे फोटॉन निवांत गोळा करता येतात. वेळ मात्र खूप जातो. मोजमापच मिलिसेकंदभर चालणार असेल तर मी हीच निवडेन. मायक्रोसेकंदाच्या कामाला हिरवा लेझरच बरा; जुळणीचा व्यापही कमी.