अलिबागच्या बाजारातील पितळी हनुक्किया

हनुक्का हा ज्यू धर्मीयांचा आठ रात्रींचा सण असल्याने त्याच्या दीपपात्राला, म्हणजे हनुक्कियाला, आठ वाट्या आणि त्या पेटवण्यासाठी किंचित उंचावर नववा ‘शमाश’ दिवा लागतो. अलिबागच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानातून घेतलेल्या पितळी हनुक्कियात ही मांडणी अचूक साधली आहे. आठही वाट्या एका रेषेत, सारख्या उंचीवर आणि पुरेशा अंतरावर असल्यामुळे शेजारच्या ज्योती एकमेकींत मिसळत नाहीत, आणि हीच खरी कसोटी होय. रोज एकेक वात उजवीकडून डावीकडे जोडत जातात, पेटवताना मात्र सुरुवात त्या रात्रीच्या नव्या वातीपासून करतात. अमेरिकेत बहुधा रंगीत मेणबत्त्या दिसतात. आपल्याकडे खोबरेल तेल हाताशी असते, आणि अंधार पडल्यावर किमान अर्धा तास दिवा तेवत राहावा हा नियम या खोल वाट्या सहज पाळतात. गारठ्यात थिजलेले तेल कोमट करून घालावे. बैठक मात्र हलकी आहे. हनुक्किया रस्त्यावरून दिसेल अशी खिडकीत ठेवण्याची प्रथा असल्याने समुद्राकडच्या वाऱ्यात ती डुगडुगणे मला गंभीर उणीव वाटते. खाली जड पाट द्यावाच लागतो. तरीही, सणातल्या वापरासाठी बेने इस्राएली (कोकणातील ज्यू) कुटुंबांनी ती निःशंकपणे घ्यावी.